पावलावरची खळी

आमच्या घराच्या कुडाच्या भिंतीवर दोन चित्रं होती. एक देवाचं. ते बा त्र्यंबकच्या जत्रेतून घेऊन आला होता. दुसरं एका बाळाचं. हे दुसरं बिस्किटाच्या पुड्यावरून कापलेलं होतं, आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची खळ करून वहिनीनं ते देवाच्या शेजारी चिकटवलं होतं. गोरंपान बाळ, गाल इतके वर आलेले की डोळे बारीक झालेले, केस तांबूस, मनगटाला वळ्या. चुलीच्या धुरानं देव काळा पडला, पण पुड्याचा कागद मेणाचा असल्यामुळे बाळ पुष्कळ दिवस गोरंच राहिलं. आमचा नवसू असा दिसावा, एवढीच वहिनीची इच्छा होती. मी आता जव्हारला शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत कुणी चहाबरोबर बिस्किटाचा पुडा फोडला की मी उठून व्हरांड्यात जाते. बाईंना साखर झाली असावी, पथ्य पाळत असतील, असं बाकीच्या शिक्षकांना वाटतं, आणि मीही त्यांना तसंच वाटू देते.

माझी दहावी गणितात अडकली होती, म्हणून त्या वर्षी आश्रमशाळा सोडून मी घरीच होते. खोडाळ्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. घरात आय, बा, माझा थोरला भाऊ यशवंतदादा, त्याची बायको जानकीवहिनी, तिचा वर्षाचा नवसू आणि मी. उजाडायच्या आधी जात्याची घरघर सुरू व्हायची. आय आणि वहिनी समोरासमोर बसून दळायच्या, आणि कुडाच्या पलीकडून गोठ्यातल्या बैलांचं फुरफुरणं ऐकू यायचं. मग चुलीवर नागलीची भाकर पडायची, थाळीएवढी, कडेनं तडे गेलेली. तिच्याबरोबर उडदाचं पातळ वरण, नाही तर सुकट भाजून लसणीबरोबर वाटलेली. बाला भाकर दोन्ही हातांनी मोडायची सवय होती, आणि पहिला तुकडा तो नेहमी कुत्र्याला टाकायचा. लहान मुलांसाठी आय नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, वाळवून दळायची आणि वस्त्रगाळ पिठाची पेज करायची. त्या पेजेला गोडसर, भाजलेला वास येतो. मी तिच्यावरच वाढले, दादाही तिच्यावरच वाढला, आणि आम्ही दोघंही काळेसावळे आणि काटक निघालो.

वहिनी वावर गावाकडची. वावर-वांगणीकडे भुकेनं पोरं दगावली ते साल सगळ्यांना ठाऊक आहे, त्याबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, बोललं गेलं. वहिनी तेव्हा लग्नाची नव्हती. तिच्या पाठचा भाऊ त्यात गेला. तो गेल्यावर पाड्यात गाड्या यायला लागल्या. शहरातली माणसं, डॉक्टर, फोटो काढणारे, आणि गाडीच्या मागच्या फळीवर पुड्यांची खोकी. डॉक्टर पोराच्या छातीला नळी लावायचा, आणि त्याच्या मागचा माणूस पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायचा. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण वहिनीनं जे पाहिलं ते असं : तिच्या भावाला पेज मिळत होती, तो गेला. ज्यांच्या हातात तो पुडा पडला, ती पोरं जगली. औषधपाणी, दूध, सुया या गोष्टी पुड्याबरोबरच आल्या होत्या, पण त्या कुणाच्या हातात राहिल्या नाहीत. हातात राहिला तो पुडा. तिच्या माहेरी बिस्किटाला नावच पडलं, डाक्तरी भाकर. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिनं बाकीच्या सामानाबरोबर हा शब्दही आणला, आणि आम्ही हसून तो वापरायला लागलो.

नवसू नवसाचा. आधीचं एक पोटातच गेलं होतं, म्हणून त्याचं नाव तसं. दिवाळीनंतर दादा वीटभट्टीवर गेला. एरवी वहिनीही बरोबर जायची, पण त्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले होते, म्हणून ती मागे राहिली. पोटुशी बाईचं दूध अंगावरच्या पोराला बाधतं, असं आमच्याकडे मानतात. तिनं नवसूला अंगावरून तोडलं. तो दिवसभर तिच्या पदराशी झोंबायचा आणि ती दुसरीकडे बघत राहायची. मग तिनं दादाला निरोप धाडला, पोराला डाक्तरी भाकर पाहिजे. भट्टीवरून जो कुणी गावाकडे येईल त्याच्या पिशवीत दादा पुडे घालून द्यायचा. वहिनी काळ्या चहात बिस्किटं कुस्करायची आणि बोटानं त्याला चाटवायची. तेवढ्यानं तो गप्प व्हायचा, झोपायचा. घरात नागली नव्हती असं कुणी समजू नये. त्या वर्षी पीक चांगलं आलं होतं, कणगी गळ्यापर्यंत भरली होती, उडीदही होते. आयनं पेज करून वाटी पुढे केली की वहिनी ती हातानं बाजूला सारायची.

"नागली आपले मोठ्या माणसांना," ती म्हणायची. "माझे पोराला नको. माझे भावाला नागलीच देत होती आमची आय."

"अगं, यशवंताला काय दिला मी? हीच ना?"

"तो वाचला त्याचा नशीब."

ज्या बाईनं भाऊ मातीत ठेवलेला पाहिला आहे तिच्याशी पेजेवरून वाद घालायला आयला जमलं नाही. शिवाय खोडाळ्यात मास्तरांची पोरं, तलाठ्याची पोरं सकाळी ओट्यावर बसून चहाबिस्कीटच खायची. आपल्या नातवानं त्यांच्यासारखं खावं हे आयलाही कुठेतरी आवडत असणार. पुड्यावर काय लिहिलंय ते वहिनी माझ्याकडून वाचून घ्यायची. ताकद असं लिहिलेलं होतं, दूध असंही होतं. दूध हा शब्द आला की ती मला तो पुन्हा वाचायला सांगायची, आणि वाचला की नवसूकडे बघून मान हलवायची, जणू स्वतः पाजत होती ते दूध आता दुसऱ्या वाटेनं त्याला पोचतंय.

आणि नवसू भरायला लागला. खरंच. गाल वर आले, पावलं गुबगुबीत झाली, हाताची बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसायला लागली. त्याचे काळेभोर केस मुळापासून तांबूस व्हायला लागले. वहिनी त्याला भिंतीवरच्या चित्राशेजारी उभा धरायची आणि मला म्हणायची, "बघ, केस पण तसेच आले." खोडाळ्याच्या बाजारात बायका थांबून बघायच्या. आमच्या भागात पोरं बारीक, अशात हे टम्म पोर. "काय बाळसा धरलाय गं!" एकीनं म्हटलं, आणि त्या दिवसापासून वहिनी बाजारात जाताना त्याच्या गालावर काजळाचा मोठा ठिपका लावायला लागली, पदराखाली झाकून न्यायला लागली. घरी आलं की मीठमोहरी ओवाळायची. अंगणवाडीत वजन करायला झोळीत टाकला, तर काटा मागच्यापेक्षा वरच गेला. अंगणवाडीची बाई खूष झाली. सगळ्या पोरांत एकाचा तरी काटा वर जातोय याचं तिला किती समाधान वाटलं असेल, ते आज माझ्या लक्षात येतं.

सगळ्यांत जास्त कौतुक होतं ते त्याच्या पायाच्या खळीचं. आंघोळीआधी मोहाच्या बियांचं तेल चोळताना वहिनीचा अंगठा त्याच्या पावलावर दाबला गेला, आणि अंगठा उचलल्यावर तिथं खळगा तसाच राहिला. "आय, बघ गं, पायाला खळी पडते!" ती ओरडली. माणसाला गालावर खळी पडते, हनुवटीला पडते. पण पावलाला खळी पडणारं पोर आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. शेजारच्या बायका बघायला आल्या. ज्यानं त्यानं अंगठा दाबून बघितला. मी बघितला, बानंही बघितला. खळी पडायची, बराच वेळ तशीच राहायची, मग हळूहळू भरून यायची. नवसू तेवढा वेळ आमच्याकडे नुसता बघायचा. तो आता हसत नव्हता, रांगत नव्हता, ठेवला तिथं बसून राहायचा आणि उचलला की किरकिरायचा. गुणाचं पोर, कसं एका जागी बसतं, असं आम्ही म्हणायचो. या वाक्याशी आलं की माझं लिहिणं थांबतं. आमच्या घरात पोरावर जीव टाकणारी चार माणसं होती आणि चौघांचेही डोळे उघडे होते.

आयला आधी शंका आली. त्याच्या मांडीवरची कातडी सोलवटली, जुन्या भिंतीचा पोपडा निघतो तशी निघायला लागली, आणि चहातली बिस्किटंही तो तोंडातून ओघळू द्यायला लागला. दृष्ट लागली, असं वहिनीचं मत. आय म्हणाली, "दृष्ट काढू, पण जव्हारला पण नेऊ." एसटीनं आम्ही निघालो, बा, वहिनी, नवसू आणि मी. मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा एका म्हातारीनं पदर बाजूला करून त्याला बघितलं आणि म्हणाली, "एवढा गुटगुटीत पोर, त्याला काय झाला?" वहिनीनं पुन्हा पदर ओढून घेतला, पण तिच्या तोंडावर जरासं हसू आलंच.

जव्हारच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नवसूला टेबलावर निजवलं, आणि काही विचारायच्या आधी अंगठा त्याच्या पावलावर दाबला. खळी पडली.

"त्याला तिथं पडते," वहिनी कौतुकानं म्हणाली. "लहानपणापासून नाय, आता पडाया लागली."

डॉक्टरीणबाईंनी दुसरं पाऊलही दाबून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "काय खातो हा?"

"डाक्तरी भाकर. बिस्कूट," वहिनी म्हणाली. शाळेत पाठ केलेलं उत्तर बरोबर आलं की मूल जशी मान वर करतं तशी तिनं मान वर केली. "दुसरा काय नाय देत आमी. नागली तं तोंडाला लावू नाय दिली."

"ताई, हे बाळसं नाही," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "ही सूज आहे. हे मूल आतून उपाशी आहे."

"उपाशी?" वहिनीचा आवाज चढला. "घरात कणगी भरेल हाय आमची!"

नवसूला ठेवून घेतलं. त्याला थोडं थोडं, वाटीवाटीनं काही पाजायचे, नाकात नळी घातली होती. मी आणि वहिनी खाटेखाली चादर टाकून राहायचो. बा गुरांसाठी घरी गेला. डॉक्टरीणबाईंचं औषध लागू पडत होतं, हे आज मला कळतं. पण ते लागू पडताना दिसतं कसं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सूज उतरायला लागली. रोज सकाळी नवसू आदल्या दिवसापेक्षा लहान झालेला असायचा. गाल गेले, डोळे मोठे झाले, बरगड्या वर आल्या, पावलं चपटी झाली, आणि मांडीची कातडी कुणा दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखी लोंबायला लागली. सुजेखाली लपलेलं पोर आम्हाला पहिल्यांदा दिसत होतं. वहिनीला दिसत होतं ते वेगळंच. तिनं दवाखान्यात भरलेलं पोर आणलं होतं आणि इथली माणसं ते तिच्यासमोर सुकवत होती. तिचा भाऊ शेवटी असाच दिसत होता, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. त्याआधी कधी बोलली नव्हती.

बा परत आला तेव्हा ती त्याच्या पायाशी बसली. "बा, घरी ने. मी आणला तेव्हा कसा होता, आणि यांनी कसा केला बघ. आजून राहिला तं हाडा पण नाय उरायची."

बानं नवसूकडे बघितलं. त्याच्याही डोळ्यांना तेच दिसलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हात जोडले, शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "थोडे दिवस थांबा हो बाबा. आत्ता कुठे तो सुधारतोय." सुधारतोय हा शब्द ऐकून बानं गाठोडं उचललं. त्या हाडांच्या पोराकडे बघून सुधारतोय म्हणणाऱ्या माणसावर तुम्ही विश्वास ठेवला असता का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे. मला वाटतं, शिकलेली असते तरी त्या वेळी मीसुद्धा ठेवला नसता.

घरी आल्यावर वहिनीनं पुन्हा चहा आणि बिस्किटं सुरू केली, आणि नवसू पुन्हा भरला. गाल आले, पावलं आली. "बघ," ती आयला म्हणाली, "आपले घरी आला आणि भरला." तिला किती आनंद झाला होता! तिनं त्याला नवं झबलं घातलं, ठिपका लावला, चित्रापाशी नेला. शिमग्याच्या तोंडावर, पाड्यात होळीसाठी लाकडं गोळा होत होती त्या दिवसांत, दुपारी तिच्या मांडीवरच तो गेला. भरलेला, गुबगुबीत, केस तांबूस. लहान पोराला आमच्याकडे पुरतात. बानं त्याला उचललं तेव्हा बायका म्हणत होत्या, कशी दृष्ट लागली एवढ्या पोराला.

शिमग्याला भट्टीवरची माणसं गावी येतात. दादाला कळवायला कुणी मिळालंच नाही. तो शेताच्या बांधावरून येताना आम्हाला दिसला, खांद्यावर बिस्किटांचं आख्खं खोकं. पुडे नव्हेत, खोकं. अंगणात येऊन त्यानं ते खाली ठेवलं आणि हाक मारली, "नवसू रे!" घरातून कुणीच बाहेर आलं नाही. त्याच्या मागून येणारी माणसं होती तिथंच थांबली. नंतर दादानं एक पुडा घेतला, नवसूला ठेवलं होतं त्या आंब्याखाली गेला आणि तिथं बिस्किटं मांडली. गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं ठेवतात. वहिनीनं जाऊन शेजारी चहाची वाटी ठेवली. दोघं तिथंच बसून राहिले. खाली पाड्यात ढोल वाजायला लागला तरी उठले नाहीत.

बिस्किटानं मारलं असं मी म्हणत नाही. बिस्किटं खाऊन पुष्कळ पोरं मोठी होतात, त्यांच्या ताटात दुसरंही काही असतं. पण ज्या पोटात दुसरं काहीच पडत नाही तिथं मैदा आणि साखर पडली की पोट गप्प होतं आणि अंग झिजत जातं. रडणारं उपाशी पोर आईला कळतं. आमचं पोर रडायचं थांबलं होतं. आता पाड्यापाड्यातल्या दुकानांत रंगीत पुड्यांच्या माळा लोंबतात, अंगणवाडीत येणाऱ्या पोरांची बोटं सकाळीच मसाल्यानं केशरी झालेली असतात, आणि नागली पेरणारी घरं मोजकी उरली आहेत. काही पोरं सुकतात, काही फुगतात, आणि दोन्हींकडे बघून आया म्हणतात, खातो ना काहीतरी.

वहिनीला कळलं ते पावसात, भाताच्या आवणीच्या दिवसांत. तिचे दिवस भरत आले होते आणि पाय सुजले होते. उपकेंद्रातली नर्सबाई पाड्यात आली होती. आमच्या ओट्यावर बसून तिनं वहिनीचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा दाबला. पावलावर खळगा पडला आणि तसाच राहिला. "सूज आहे," नर्सबाई म्हणाली, "मीठ कमी खा, उद्या येऊन तपासून जा." वहिनी ऐकत नव्हती. ती स्वतःच्या पावलाकडे बघत होती. तिनं आपला अंगठा त्याच्या शेजारी दाबला, उचलला, आणि दुसरी खळी पडलेली बघितली. "ही खळी," ती म्हणाली. "आय, ही तं खळी." आयनं तोंडावर पदर घेतला. नर्सबाईला काही कळेना, ती एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. वहिनी उठली, आत गेली, आणि भाताचा विळा घेऊन भिंतीवरचं बाळ खरवडायला लागली. नागलीची खळ घट्ट धरते. चित्र सोलून निघेना, तुकड्यातुकड्यानं निघालं, आणि शेवटपर्यंत एक गाल आणि कान भिंतीला चिकटून राहिले. तेवढ्या जागेवर तिनं शेणमाती लिंपली. मी मागून तिला धरलं होतं.

तिला मुलगी झाली, सुनीता. ती पेजेवर वाढली, बारीक आणि सावळी, आणि आता ठाण्याला असते. या शिमग्याला ती आपल्या मुलाला घेऊन गावी आली. मीही गेले होते. मुलगा दीड वर्षाचा, गोरा, चांगल्या अंगाबांध्याचा, हातात कुरकुरीत कशाची तरी पुडी. पाड्यातल्या बायका जमल्या आणि एकीनं म्हटलंच, "काय बाळसा धरलाय!" वहिनीनं त्याला मांडीवर घेतलं, पायातले मोजे काढले आणि पावलावर अंगठा दाबला. कुणाचंही मूल हातात आलं की ती आधी हेच करते. गावातल्या लोकांना ती तिची सवय वाटते, आता कुणी विचारतही नाही. अंगठा उचलला. कातडी लगेच वर आली. तरी तिनं दुसरं पाऊल घेतलं आणि तिथंही दाबून बघितलं.

"काय बघतेस गं आई सारखी?" सुनीतानं विचारलं.

"काय नाय," वहिनी म्हणाली. "तुझे पोराला खळी नाय पडत." आणि तिनं ती दोन्ही पावलं ओंजळीत धरून कपाळाला लावली.